नौकोत्सर्गाचा पुनःप्रयोग आणि ॲप्युलीअसची साक्ष

१

रोमन साम्राज्याच्या काळात भूमध्य समुद्राकाठच्या अनेक नगरांत वसंताच्या आरंभी आयसिस या मूळच्या मिसरी देवतेच्या नावाने एक नवी नौका समुद्रात सोडली जात असे. हिवाळ्यात बंद पडलेला जलमार्ग त्या दिवसापासून खुला झाला, असा या विधीचा लौकिक अर्थ होता. रोमन पंचांगांत त्याची नोंद ‘नाविगिउम इसिदिस’, म्हणजे ‘आयसिसचे नौकायन’, अशी आढळते. ग्रीक भाषेत त्यास ‘प्लोइआफेसिया’, म्हणजे ‘नौका सोडणे’, असे नाव होते. मराठीत त्यास ‘नौकोत्सर्ग’ म्हणणे सोयीचे होईल. ‘उत्सर्ग’ या शब्दात सोडणे आणि देऊन टाकणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि या विधीच्या बाबतीत त्या दोहोंची फारकत करता येत नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्राचीन रोमन जीवनातील प्रसंग तत्कालीन वेषभूषेसह करून दाखविण्याची प्रथा युरोपात गेल्या काही दशकांत चांगलीच रुजली आहे. हौशी इतिहासमंडळे आणि संग्रहालये यांच्या आश्रयाने सैनिकांची कवायत, ग्लॅडिएटरांची द्वंद्वे, बाजारपेठेतील व्यवहार इत्यादींचे पुनःप्रयोग होतात. नौकोत्सर्गाचाही त्यांत समावेश झाला आहे. अशा प्रयोगाचे सामान्य स्वरूप ठरून गेल्यासारखे आहे. तागाची शुभ्र वस्त्रे ल्यालेले पुजारी, फुले उधळणाऱ्या स्त्रिया, सिस्ट्रम या खुळखुळ्यासारख्या वाद्याचा नाद, खांद्यावरून वा गाड्यावरून नेलेली एक लहान नौका, किनाऱ्यावरील प्रार्थना आणि अखेरीस नौकेचा जलप्रवेश, असा त्याचा क्रम असतो. हा क्रम एकाच ग्रंथातून घेतलेला आहे. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील लॅटिन लेखक ॲप्युलीअस याच्या ‘मेटॅमॉर्फोसीस’ या कादंबरीचे अकरावे प्रकरण हीच जणू या प्रयोगाची संहिता होय.

पुनःप्रयोगाची वेषभूषा बिनचूक आहे की नाही, हा प्रश्न पुरातत्त्वज्ञांचा आहे. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. एका कल्पितकथेतील वर्णन विधीची संहिता म्हणून वापरले जाते, तेव्हा त्या वर्णनाचे काय होते? त्याची साक्ष कितपत विश्वसनीय ठरते, आणि तिच्यातील कोणता अंश प्रयोगात उतरत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुनःप्रयोगाची खरी योग्यता कशात आहे, याचाही उलगडा होतो.

२

प्रथम ॲप्युलीअसच्या ग्रंथाबाहेरील साधनांचा विचार करणे इष्ट आहे. इ. स. ३५४ च्या प्रसिद्ध रोमन पंचांगात ५ मार्च या दिवशी आयसिसच्या नौकायनाची नोंद आहे. शेतकऱ्यांसाठी शिळेवर कोरलेल्या, महिनावार कामांची यादी देणाऱ्या रोमन पंचांगांतही मार्च महिन्याखाली हाच उत्सव येतो. सहाव्या शतकातील लेखक जॉन लायडस यानेही ग्रीक नावासह त्याचा उल्लेख केला आहे. बायझँटियम येथील एका ग्रीक शिलालेखात ‘महान प्लोइआफेसिया’मध्ये नौकाधिपतीचे पद भूषविणाऱ्या पुरुषाचा निर्देश आहे, आणि एरेट्रिया येथील आयसिसच्या मंदिरात अशा नौकाधिपतींच्या नामावल्या सापडल्या आहेत. शीड हाती धरलेली सागरदेवता आयसिस नाण्यांवर दिसते. कायमी येथील शिलालेखात देवी स्वतःच्या मुखाने आपली महती सांगते. तीत नौकानयनाचे स्वामित्व ती स्वतःकडे घेते. कॉरिंथच्या परिसराविषयी पाउसानिअस या प्रवाशाने लिहिले आहे, की केंख्रिआई बंदरात आयसिसचे मंदिर होते आणि आक्रोकॉरिंथच्या चढणीवर तिची दोन स्थाने होती. त्यांपैकी एक सागरवासिनी आयसिसचे होते.

या सर्व साधनांवरून उत्सव होता, तो दूरवर पसरला होता आणि त्याला सार्वजनिक मान्यता होती, एवढे निर्विवाद सिद्ध होते. परंतु मिरवणुकीत कोण कोठे चालत असे, पुजाऱ्याच्या हाती काय असे, नौका कशी सजवीत, ती पाण्यात कशी सोडीत, यांविषयी ही साधने जवळजवळ मूक आहेत. शिलालेखांतील नौकाधिपती नेमके काय करीत, हेही त्यांवरून कळत नाही. आणि ज्याच्या वर्णनावर सारा प्रयोग उभा आहे, तो ॲप्युलीअस या पदाचा उल्लेखच करीत नाही. म्हणजे, ज्यांना विधीचे अस्तित्व ठाऊक आहे ते त्याचे रूप सांगत नाहीत, आणि जो रूप सांगतो तो कादंबरीकार आहे. नौकोत्सर्गाच्या अभ्यासातील मूळ अडचण ही होय.

समुद्र खुला होण्याच्या कल्पनेचीही स्थिती दिसते तितकी सरळ नाही. व्हेजेशियस या युद्धशास्त्रावरील लेखकाने ११ नोव्हेंबर ते १० मार्च हा काळ समुद्र बंद असण्याचा सांगितला आहे. म्हणजे आयसिसचा उत्सव त्याच्या गणनेपेक्षा पाच दिवस अगोदर येतो. अनेक नगरे नौकानयनाचा जन्मदिवस स्पर्धा व खेळ करून साजरा करतात, हे तो नमूद करतो. पण त्यानंतरही १५ मेपर्यंत समुद्रावर जाणे धोक्याचेच असते, असा इशारा तो लगेच देतो. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. उत्सवाचा दिवस हा समुद्र निर्धोक झाल्याची घोषणा नव्हता. धोका अद्याप पुरता सरलेला नसताना जलप्रवासास आरंभ करण्याचा तो दिवस होता. हा भेद पुनःप्रयोगाच्या मूल्यमापनात निर्णायक ठरतो.

३

आता ॲप्युलीअसच्या वर्णनाकडे वळता येईल. त्याचा नायक लूशियस जादूच्या मोहापायी गाढव बनलेला आहे. गुलाबाची फुले खाल्ल्यास तो पुन्हा माणूस होणार आहे, परंतु दहा प्रकरणे लोटली तरी ती त्याच्या तोंडी पडत नाहीत. कॉरिंथच्या प्रेक्षागारात त्याचे जाहीर विडंबन व्हावयाचे असते. तेथून तो सहा रोमन मैल धावत केंख्रिआईच्या किनाऱ्यावर येतो आणि वाळूत झोपी जातो. रात्री जाग येते तो समुद्रातून पूर्ण चंद्र वर येत असतो. तो सात वेळा पाण्यात डोके बुडवून प्रार्थना करतो. देवी प्रकट होऊन सांगते, की उद्याचा दिवस माझा आहे. हिवाळ्याची वादळे शमली आहेत आणि माझे पुजारी एक नवी कोरी नौका जलप्रवासाचे प्रथमफल म्हणून मला अर्पण करतील. त्या मिरवणुकीतील पुजाऱ्याच्या हातच्या सिस्ट्रमला गुलाबांची माळ बांधलेली असेल.

दुसऱ्या दिवशीची मिरवणूक या गाढवाच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. तीत आघाडीला सोंगे आहेत. एकाने कमरेला पट्टा आवळून सैनिकाचे सोंग घेतले आहे, एक शिकारी झाला आहे, एकाने रेशमी वस्त्र, सोनेरी पादत्राणे व केसांचा टोप घालून स्त्रीवेष धारण केला आहे. कोणी ग्लॅडिएटर, कोणी दंडाधिकारी, कोणी बोकडदाढीचा तत्त्वज्ञ, कोणी पारधी, कोणी कोळी झाला आहे. माणसाळवलेली एक अस्वलीण कुलीन स्त्रीच्या वेषात खुर्चीत बसवून नेली जाते. टोपी व केशरी अंगरखा घातलेले माकड हाती सोन्याचा पेला घेऊन गॅनिमीड झाले आहे. शेवटी पाठीवर पंख चिकटवलेले एक गाढव एका जराजर्जर म्हाताऱ्याच्या बाजूने चालते आहे. हे पेगॅसस आणि बेलेरोफॉन यांचे सोंग. त्यांच्या मागे खरी मिरवणूक येते. फुले शिंपडीत जाणाऱ्या स्त्रिया, देवीला सामोरे जाणारे लोक दिसावेत म्हणून पाठीवर आरसे उलटे धरलेल्या स्त्रिया, हस्तिदंती फण्यांनी देवीच्या केशरचनेचा अभिनय करणाऱ्या स्त्रिया, दिवे व मशाली घेतलेला जमाव, बासरीवादक, गायकवृंद, मुंडित मस्तकाचे दीक्षित, नौकेच्या आकाराचा सोन्याचा दीप घेतलेला पुजारी, स्तनाकार पात्रातून दुधाची धार सोडणारा पुजारी, काळ्या व सोनेरी मुखाचा अनुबिस, गुप्त वस्तूंची पेटी आणि अखेरीस देवीचे अवर्णनीय प्रतीक असलेला लहानसा सुवर्णकलश, असा तिचा क्रम आहे.

या वर्णनाची नेमकेपणाची छाप इतकी आहे, की वाचक त्यास प्रत्यक्षदर्शीची टिपणे समजू लागतो. जे. ग्विन ग्रिफिथ्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या विस्तृत भाष्यात या तपशिलांना मिसरी धर्माचा केवढा आधार आहे हे दाखवून दिले, आणि त्यामुळे ॲप्युलीअस विधीचा जाणकार होता याविषयी फारशी शंका उरत नाही. परंतु जाणकार असणे वेगळे आणि वृत्तांत लिहिणे वेगळे. लूशियनच्या नावावर असलेल्या, याच कथानकाच्या ग्रीक कथेत आयसिस नाही आणि मिरवणूकही नाही. तेथे नायक थेसालोनिकाच्या प्रेक्षागारात गुलाब खाऊन माणूस होतो आणि कथा हास्यातच संपते. म्हणजे नौकोत्सर्गाचा प्रसंग ॲप्युलीअसने हेतुपूर्वक घातलेला आहे आणि कथेच्या रचनेत त्याला निश्चित कार्य आहे.

ते कार्य सोंगांच्या शेवटी आलेल्या पंखवाल्या गाढवावरून उमगते. या गाढवाकडे पाहणारा स्वतः गाढव आहे. एक पशू माणसांनी चिकटविलेल्या पंखांमुळे दैवी अश्व झाल्याचे दाखविले जाते; दुसरा पशू आतून माणूस आहे आणि थोड्याच वेळात देवीच्या कृपेने तसा दिसू लागणार आहे. रूपांतराचे सोंग आणि खरे रूपांतर एकाच मार्गावरून काही पावलांच्या अंतराने जातात. आघाडीच्या सोंगांतील अनेक पात्रे लूशियसने पूर्वीच्या प्रकरणांत खऱ्या रूपात पाहिलेली आहेत: सैनिक, दंडाधिकारी, ग्लॅडिएटरांच्या खेळासाठी आणलेली अस्वले. त्याच्या भूतकाळातील सारा उच्छृंखल संसार येथे हास्यास्पद होऊन देवीच्या पुढे चालत निघून जातो. मिरवणुकीचा हा क्रम विधीच्या शास्त्रातून आला की कादंबरीच्या रचनेतून, हे केवळ संहितेवरून ठरविता येत नाही. ॲप्युलीअस स्वतः सांगतो, की ही सोंगे ज्याने त्याने आपापल्या हौसेप्रमाणे व नवसाप्रमाणे घेतली होती. म्हणजे त्याच्या मतेही ती विधीचा बांधीव भाग नव्हती.

या प्रकरणाच्या गांभीर्याविषयीही विद्वानांत एकवाक्यता नाही. राइनहोल्ड मेर्केलबाख यांनी १९६२ साली प्राचीन कादंबरीमागे गूढधर्मांच्या दीक्षाविधींचा आधार असल्याचा सिद्धांत मांडला. उलट जॉन विंक्लर यांनी १९८५ साली असे प्रतिपादन केले, की शेवट श्रद्धेचा आहे की उपहासाचा, याचा निर्णय करण्यास पुरेसा पुरावा लेखकाने बुद्ध्याच ठेवलेला नाही. दीक्षेमागून दीक्षा घेण्यासाठी अंगावरची वस्त्रे विकणारा आणि शेवटी मुंडित मस्तक आनंदाने मिरवणारा लूशियस हा भक्त आहे की फसलेला भाविक, या प्रश्नाचे उत्तर वाचकागणिक बदलते. अशा द्व्यर्थी कथनातून एकच प्रकरण वेगळे काढून त्याची संहिता करणे, म्हणजे त्या द्व्यर्थाचा परस्पर निकाल लावणे होय.

४

पुनःप्रयोग करणारास अशा अनेक गोष्टींचा निकाल लावावाच लागतो. लेखक मौन पाळू शकतो, प्रयोगकर्त्यास ती मुभा नाही.

दिवसाचेच उदाहरण घेता येईल. बहुतेक प्रयोग ५ मार्चशी जोडले जातात. परंतु ॲप्युलीअसने तारीख कोठेही दिलेली नाही. त्याच्या कथेत विधीची आदली रात्र पौर्णिमेची आहे आणि देवी चंद्रोदयाबरोबर प्रकट होते. सूर्यगणनेवर बांधलेल्या पंचांगातील ठराविक तारीख आणि पौर्णिमा यांचा मेळ क्वचितच पडणार. म्हणजे पुनःप्रयोगात रोम नगराच्या चौथ्या शतकातील पंचांगाचा दिवस आणि ग्रीसच्या किनाऱ्यावर कल्पिलेल्या दुसऱ्या शतकातील कथेचा विधी यांची सांगड घातली जाते. अशी सांगड घालणे गैर नाही. पण तीतून तयार होणारा विधी कोणत्याही एका नगरात, कोणत्याही एका वर्षी, त्या रूपात झाला होता असे म्हणता येणार नाही.

नावाचीही तीच गत आहे. सोहळ्याच्या अखेरीस सर्वजण मंदिरात परततात. तेथे ‘ग्रामातेउस’ म्हणजे लेखनिक उंच आसनावरून ग्रंथातील प्रार्थना वाचतो आणि ग्रीक भाषेत उत्सवाचे नाव घोषित करतो. ॲप्युलीअसची ही कादंबरी अकराव्या शतकातील एकाच हस्तलिखितापासून पुढे आलेली आहे, आणि नेमका हा शब्द तेथे भ्रष्ट झालेला आहे. आज छापील आवृत्त्यांत दिसणारे ‘प्लोइआफेसिया’ हे रूप संपादकांनी सिद्ध केलेले आहे. शिलालेख व लायडस यांच्या आधारे ते योग्यच ठरते. परंतु पुनःप्रयोगातील पुजारी ज्या क्षणी तो शब्द मोठ्याने उच्चारतो, त्या क्षणी तो प्राचीन पुरोहिताबरोबर आधुनिक पाठसंपादकाचाही वारसा चालवीत असतो. प्रेक्षकास याची जाणीव करून दिली, तर त्याच्या आनंदात उणेपणा येण्याऐवजी भरच पडेल.

त्या प्रार्थनेचा आशय तर याहून अवघड आहे. ती सम्राट, सीनेट, अश्वारोही वर्ग, समग्र रोमन जनता आणि रोमच्या सत्तेखालील खलाशी व नौका यांच्या कल्याणासाठी आहे. देवीच्या उत्सवात राजनिष्ठेचा हा उच्चार ओघाने आलेला आहे. ज्यांच्यासाठी ही प्रार्थना होती, ते सर्व लयास गेले आहेत. प्रयोगात ती जशीच्या तशी म्हटली तर ती उद्धृत वचन ठरते. गाळली तर विधीचा सामाजिक कणाच निघून जातो. बदलून आजच्या लोकांसाठी म्हटली तर तो पुनःप्रयोग न राहता नवी उपासना होते. आयसिसची अशी नवी उपासना आज अस्तित्वात आहे. आयर्लंडमध्ये १९७६ साली ‘फेलोशिप ऑफ आयसिस’ ही संस्था याच भावनेतून निघाली. तिच्या प्रामाणिकपणाविषयी येथे वाद नाही. मात्र इतिहासदर्शन आणि उपासना यांच्या कसोट्या भिन्न आहेत, आणि एकीची सूट दुसरीने मागू नये.

प्राचीन विधी आणि आधुनिक उत्सव यांची सरमिसळ विद्वानांकडूनही झाली आहे. आंद्रेआस आल्फोल्डी यांनी १९३७ साली चौथ्या शतकातील रोमन नाणकमुद्रांचा अभ्यास करून ख्रिस्ती सम्राटांच्या काळातही आयसिसचा उत्सव टिकून होता हे मोठ्या परिश्रमाने दाखविले. परंतु ‘कार्निव्हल’ हा शब्द चाकांवरील नौकेच्या लॅटिन नावापासून निघाला आणि म्हणून युरोपचा कार्निव्हल हा नौकोत्सर्गाचा थेट वंशज, ही आकर्षक उपपत्ती शब्दशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. मांसवर्जनाशी संबंध जोडणारी इटालियन व्युत्पत्तीच आज सामान्यतः ग्राह्य मानली जाते. सोंगे, मुखवटे व मिरवणूक एवढ्या साम्यावर वंशावळ उभारता येत नाही.

५

या सर्व निर्णयांपेक्षा नौकेविषयीचा निर्णय अधिक मूलगामी आहे. ॲप्युलीअसची नौका अत्यंत कुशलतेने बांधलेली आहे. तिच्या अंगावर सर्वत्र मिसरी चित्रे आहेत. नव्या वर्षाच्या जलप्रवासाची शुभेच्छा तिच्या शुभ्र शिडावर अक्षरांत विणलेली आहे. डोलकाठी देवदारजातीच्या वृक्षाची, उंच व तकतकीत आहे. मागील टोक हंसग्रीवेसारखे वळवून सोन्याने मढविलेले आहे. सारा सांगाडा मूल्यवान सुगंधी लाकडाचा आहे. मुख्य पुजारी मशाल, अंडे आणि गंधक यांनी तिची शुद्धी करतो. नंतर दीक्षित आणि सामान्य असे सर्वच लोक सुगंधी द्रव्यांनी व नैवेद्यांनी भरलेली सुपे आणून तिच्यात रिती करतात आणि लाटांवर दुधात कालवलेले अन्न ओततात. नौका भरली, की नांगराचे दोर सोडले जातात आणि अनुकूल वाऱ्याने ती समुद्रात निघून जाते. ती दिसेनाशी होईपर्यंत लोक पाहत राहतात. मग उरलेली पवित्र पात्रे उचलून परततात.

पुढे तिचे काय झाले, हे ॲप्युलीअस सांगत नाही. तिच्यावर खलाशी होते की नाही, हेही तो सांगत नाही. तिचे माप देत नाही. परंतु तिच्या परतण्याचा उल्लेख नाही, आणि देवीने तिला आधीच ‘प्रथमफल’ म्हटले आहे. जे प्रथमफल म्हणून अर्पिले ते परत घ्यावयाचे नसते. विधीचे सारे वैभव, चित्रे, सोने, सुगंधी लाकूड, अख्ख्या नगराने आणलेले नैवेद्य, हे सारे दृष्टीआड जाण्यासाठीच जमा झालेले आहे.

पुनःप्रयोगात मात्र नौका सामान्यतः लहान असते आणि ती परत घ्यावी लागते. किनाऱ्याचे नियम, सुरक्षितता, खर्च, पुढील वर्षीचा प्रयोग ही सर्व कारणे रास्त आहेत. पण दोरीने बांधलेली नौका पाण्यावर तरंगविणे आणि दोर सोडून ती जाऊ देणे, या दोन क्रियांचे बाह्य रूप जवळजवळ सारखे असले तरी अर्थ परस्परविरुद्ध आहेत. पहिली क्रिया प्रदर्शन आहे, दुसरी उत्सर्ग. वेषभूषेतील शंभर चुका क्षम्य ठरतील, पण विधीचा अर्थ जेथे आहे तेथेच प्रयोग थांबतो, ही उणीव निराळ्या कोटीची आहे.

या उत्सर्गामागे केवढे वास्तव होते, हे लूशियनच्या ‘नौका’ या संवादावरून ध्यानात येते. मिसरचे धान्य इटलीस नेणारे एक प्रचंड जहाज वादळाने भरकटत पायरियस बंदरात आले आहे आणि अथेन्सचे लोक ते पाहण्यास लोटले आहेत. त्याची लांबी १२० हात सांगितली आहे, रुंदी त्या लांबीच्या पाव हिश्श्याहून अधिक, आणि खोली २९ हात. त्याचेही मागील टोक सोनेरी हंसग्रीवेत संपते, पुढील भागी दोन्ही बाजूंस देवीची मूर्ती आहे, आणि त्याचे नावच ‘आयसिस’ आहे. फारोसहून निघाल्यापासून सत्तराव्या दिवशी ते या बंदरास लागले. लूशियन हाही उपहासकार असल्याने त्याच्या मापांविषयी सावध राहणे योग्य. तथापि ज्या देवीला केंख्रिआईत सजविलेली नौका अर्पण होते, तिचेच नाव धारण करून धान्याची जहाजे वादळांत जात होती, हा संबंध त्यातून स्पष्ट होतो. उत्सवातील नौका ही या शेकडो नौकांच्या वतीने दिलेला भाग होती. एक दिल्यास बाकीच्या परत येतील, ही तीमागील आशा.

या देवीचा संचार भूमध्य समुद्रापुरता मर्यादित नव्हता. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदरातून हिंदुस्थानकडे जहाजे सुटत. तेथील आयसिसच्या मंदिराच्या उत्खननात २०२२ साली संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. त्याच मंदिरपरिसरात तिसऱ्या शतकातील संस्कृत लेख आणि सातवाहनांची दोन नाणीही सापडली आहेत. नौकोत्सर्ग तेथे होत असे, असे यावरून म्हणता येत नाही. परंतु दख्खनच्या राजवटीचे नाणे ज्या मंदिराच्या परिसरात पडले, तेथे येणारा प्रवासी कोणत्या समुद्राचे भय घेऊन उभा राहत असेल, याची कल्पना महाराष्ट्रातील अभ्यासकास सहज करता येईल. आयसिसची पूजा हा त्या व्यापाराच्या अंगभूत जोखमीचा भाग होता.

६

यावर असा आक्षेप घेता येईल, की हा निकष अतिशय कठोर आहे. पुनःप्रयोगाने ज्ञानात भर पडते हे इतरत्र सिद्ध झालेले आहे. ‘ऑलिंपियास’ ही प्राचीन ग्रीक युद्धनौकेची प्रतिकृती १९८७ साली पाण्यात उतरली आणि तिच्यावर झालेल्या चाचण्यांमुळे वल्हेकऱ्यांच्या बैठकीविषयीचे व वेगाविषयीचे जुने वाद पुष्कळ अंशी नव्या पायावर आले. हा दाखला योग्य आहे, पण तो विरुद्ध बाजूसच पुष्टी देतो. नौकेची कसोटी पाणी आहे, आणि पाणी दोन हजार वर्षांत बदललेले नाही. विधीची कसोटी त्यात सहभागी होणाऱ्यांची श्रद्धा, भय आणि अपेक्षा ही आहे, आणि ती सारी बदललेली आहे. प्रतिकृतीचे वल्हे चुकीचे असेल तर ती चालत नाही. विधीचा अर्थ चुकीचा लावला असेल तरी मिरवणूक व्यवस्थित पार पडते. विधीच्या पुनःप्रयोगाला अपयश येऊ शकत नाही, आणि म्हणूनच केवळ यशाच्या आधारे त्यास पुरावा मानता येत नाही.

आर. जी. कॉलिंगवुड यांच्या १९४६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ या ग्रंथातील विचार येथे उपयोगी पडतो. भूतकाळातील विचाराची इतिहासकाराने आपल्या मनात पुनर्घटना करणे, यालाच त्यांनी इतिहासज्ञान म्हटले. कृतीचे बाह्य अनुकरण त्यांना अभिप्रेत नव्हते. या दृष्टीने, नौकोत्सर्गाच्या वर्णनाचा सूक्ष्म वाचक खुर्चीत बसूनही पुनर्घटना करीत असतो, आणि सर्व उपकरणांनिशी मिरवणुकीत चालणारा नट ती करीलच असे नाही. तथापि कॉलिंगवुड यांच्या विचाराची एक मर्यादाही येथे दिसते. धर्मविधीत विचार व कृती यांची फारकत करणे कठीण असते. हाताने दोर सोडताना मनाला जे वाटते, ते नुसत्या वाचनाने पुरते कळेल असे नाही.

म्हणून पुनःप्रयोगाला त्याज्य ठरविण्याचे कारण नाही. त्याचे स्थान नीट ठरविले पाहिजे. तो पुरावा नव्हे, भाष्य होय. भाष्यकार संहितेतील प्रत्येक शब्दापाशी थांबतो आणि सामान्य वाचक ज्यावरून सहज पुढे जातो तेथे त्याला प्रश्न पडतो. प्रयोगकर्त्याचेही तसेच आहे. नौकेवर कोणी होते काय, ती किती मोठी होती, कोणत्या रात्रीनंतर हा दिवस उगवला, गाढवाला मिरवणुकीत स्थान आहे काय, हे प्रश्न ॲप्युलीअसच्या असंख्य वाचकांना पडले नसतील; ज्याला उद्या सकाळी किनाऱ्यावर उभे राहावयाचे आहे त्याला ते चुकविता येत नाहीत. संहिता कोठे बोलते आणि कोठे गप्प राहते, याचा नकाशा पुनःप्रयोगाच्या पूर्वतयारीतून तयार होतो. प्रयोगाहूनही ही पूर्वतयारी अधिक मोलाची आहे, आणि ती प्रेक्षकांपासून लपविली जाते, हेच आजच्या प्रयोगांचे मुख्य वैगुण्य होय.

यातून मूल्यमापनाची एक कसोटी निष्पन्न होते. जो प्रयोग ॲप्युलीअसच्या वर्णनातील फटी गुळगुळीत करून ‘असे होते’ म्हणून दाखवितो, तो कितीही देखणा असला तरी वाईट भाष्य आहे. जो प्रयोग आपले निर्णय उघड करतो, तारीख कोठून आली व शब्द कोणी दुरुस्त केला हे सांगतो, हे सारे दृश्य एका गाढवाने गुलाबांवर डोळा ठेवून पाहिलेले आहे याची आठवण देतो, तो साधा असला तरी चांगले भाष्य आहे. आणि एखाद्या प्रयोगाने लाकडाची लहानशीच, पण नवी नौका खरोखर जाऊ दिली, तर त्या एका कृतीत उरलेल्या साऱ्या मिरवणुकीहून अधिक इतिहास असेल.

ॲप्युलीअसच्या वर्णनाचे सामर्थ्यही अखेर तेथेच आहे. रंग, वाद्ये, सोने व सोंगे यांनी गजबजलेले ते प्रकरण एका रिकाम्या क्षितिजापाशी येऊन क्षणभर थांबते. नौका दिसेनाशी होते, लोक मंदिरात परततात आणि सोहळा आटोपल्यावर घरोघर जातात. लूशियस मात्र त्यांच्याबरोबर तेथून पाऊलभरही हलण्यास राजी नाही. देवीच्या प्रतिमेकडे टक लावून तो आपली सरलेली दुर्दशा आठवीत राहतो. नौका परत येणार नाही हे ज्याला उमगले आहे, त्याचे हे उभे राहणे कोणत्याही मिरवणुकीत दाखविता येणार नाही. ते वाचावेच लागते.